रोजच्या मोटारीचे ओझे

मोटार विकत घ्यावयाची झाली म्हणजे किंमत, रंग, पेट्रोलचा खर्च आणि दुरुस्तीची सोय यांची चौकशी सर्वत्र होते. गाडीचे वजन किती, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः ते वजन रोज ओढावे लागते आणि त्याचे मोलही रोज चुकवावे लागते.

हे मोल केव्हा पडते, ते प्रथम पाहिले पाहिजे. मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी एकदा वेगात आली म्हणजे इंजिनाची पुष्कळशी शक्ती हवेला बाजूस सारण्यात खर्च होते, आणि हवेला गाडीच्या वजनाशी कर्तव्य नसते. तिला आकाराशी कर्तव्य असते. शहरात याच्या उलट घडते. इंदूरसारख्या गावात चौकाचौकांत गाडी थांबते. प्रत्येक थांब्याला गाडीला दिलेली गती ब्रेकच्या उष्णतेत नाहीशी होते आणि पुढच्या क्षणी तितकीच गती नव्याने विकत घ्यावी लागते. गाडी जितकी जड, तितकी ही खरेदी महाग.

घाटाचा हिशेब तर बोटांवर करता येतो. गोव्याचा किनारा सोडून चोर्ला घाटाने बेळगावास जाणारी मोटार समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर वर चढते. एक हजार किलो वजन तितके उंच उचलण्यास जी ऊर्जा लागते, ती एक लिटर पेट्रोलमधील एकूण ऊर्जेच्या जेमतेम चतुर्थांश भरते. परंतु इंजिन आणि दातेचाके यांतून पार होऊन चाकांपर्यंत ऊर्जेचा चतुर्थांशच सामान्यतः पोहोचतो. म्हणजे हजार किलोंच्या गाडीला केवळ उंची चढण्याचे मूल्य एक लिटर. डिकीत शंभर किलो अधिक असतील, तर त्यांचे मूल्य लिटरचा दहावा भाग. एवढ्याने कोणाचे दिवाळे निघत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण उतरताना तेच शंभर किलो ब्रेकवर येतात, वळणावर टायर घासतात, आणि खड्ड्यात चाक आदळले म्हणजे झटका स्प्रिंगांना सोसावा लागतो. वजनाचा खरा जमाखर्च पंपावरच्या पावतीत पुरता दिसत नाही.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अनुमानाप्रमाणे मोटारीचे वजन १० टक्क्यांनी घटविले, तर एका गॅलनमध्ये कापले जाणारे अंतर ६ ते ८ टक्क्यांनी वाढू शकते. त्याच देशाच्या पर्यावरण खात्याचा दुसरा आकडा असा, की तयार गाडीतील सुमारे ४५ किलो सामान काढल्याने मिळणारी बचत एका टक्क्याच्या आसपास असते. या दोन आकड्यांतील अंतर बोलके आहे. वजन घटविण्याची मोठी संधी गाडी कागदावर असताना असते. मालकाच्या हाती उरते ती उरलीसुरली. म्हणून मालकाने आपल्या गाडीवर हात टाकण्यापूर्वी, ज्यांनी कागदावरच हे काम उत्तम केले, त्यांच्याकडे एकदा पाहावे.

१९३० नंतरच्या दशकात फ्रान्सच्या सित्रोएन कारखान्याचे एक सूत्रधार पिएर-जूल बुलांजे यांनी आपल्या अभियंत्यांपुढे ठेवलेली मागणी मोटारीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन ताशी ६० किलोमीटर वेगाने धावेल, १०० किलोमीटरला ३ लिटर पेट्रोल पिईल, आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतील अंडे फुटणार नाही, अशी गाडी त्यांना हवी होती. ही यादी शोभेची नव्हे, वापराची आहे. त्या यादीत जे बसत नव्हते, ते अभियंत्यांनी वगळत नेले.

वगळण्याची त्यांची रीत मोठी शहाणपणाची होती. त्यांनी भाग पातळ करण्यापेक्षा भागाची गरजच नाहीशी केली. इंजिन हवेने थंड होणारे केले. त्याबरोबर रेडिएटर, पाणी, पंप आणि रबरी नळ्या असे सगळे बिऱ्हाडच गेले. दारांच्या काचा वर-खाली सरकविण्याऐवजी खालची अर्धी काच बिजागरीवर दुमडली. आतील यंत्रणा उरली नाही. काच पुसणारे वायपर वेगदर्शकाच्या तारेवरच फिरविले, म्हणून त्यांना वेगळी मोटर लागली नाही. छत कापडाचे असल्याने उंच सामानही गुंडाळल्या छतातून उभे नेता येई. लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेल्या बैठका काढून रानात झाडाखाली मांडता येत. हलकेपणाने येथे सोय हिरावली नाही, उलट वाढविली.

मात्र या मंडळींचाही हात एके काळी अधिक चालला होता. १९३९ मध्ये तयार झालेल्या पहिल्या नमुन्यांना पुढे एकच दिवा होता, कारण कायद्याला एक पुरत असे. बैठका छताला तारांनी टांगलेल्या होत्या. सांगाड्यात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम वापरले होते. इंजिन दोरी ओढून सुरू करावयाचे. महायुद्ध आले आणि नमुने लपवून ठेवावे लागले. ऑक्टोबर १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ‘टू-सीव्ही’ या नावाने गाडी लोकांसमोर आली, तेव्हा तिला दोन दिवे होते, आणि महाग धातूंची जागा बहुतेक ठिकाणी पोलादाने घेतली होती. म्हणजे काही किलो जाणूनबुजून परत घेतले गेले. तरीही ३७५ घन सेंटीमीटरच्या इंजिनाची ती गाडी सुमारे ५०० किलोंचीच राहिली, आणि १९९० पर्यंत निघत राहिली.

भारतात हा फरक लोकांनी स्वतः अनुभवला आहे. अँबॅसडर अकराशे किलोंच्या वर होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, ती सुमारे साडेसहाशे किलोंची. चार माणसे आणि थोडे सामान हे मध्यम कुटुंबाचे नित्याचे काम त्या लहान गाडीने निभावले. पण त्या काळच्या हलकेपणाचा एक भाग उसना होता, हेही नाकारता येत नाही. टकरीत माणूस वाचविणारे बरेचसे साहित्य त्या गाडीत नव्हतेच. १९१९ पासूनचा नव्हे, २०१९ पासूनचा नियम आहे की नव्या मोटारींना एबीएस ब्रेक आणि चालकापुढे एअरबॅग हवीच. ते वजन वाढले, आणि ते वाढावयासच हवे होते.

आता तयार गाडीचा मालक काय करू शकतो? प्रथम त्याने ट्रकच्या वजनकाट्यावर आपली मोटार रोज असते तशीच नेऊन उभी करावी, आणि आलेला आकडा पुस्तिकेतील रिकाम्या वजनाशी ताडून पाहावा. असा काटा पाच-दहा किलो इकडेतिकडे दाखवील, परंतु तेवढा पुरे. स्वतःचे आणि पेट्रोलचे वजन वजा केल्यावर जे उरेल, त्याची डिकीत झडती घ्यावी. गेल्या गणपतीतील मखराचे सामान, पाण्याचे कॅन, जुने टायर, कधीच न उघडलेली हत्यारांची पेटी! हे काढण्यास कारागीर लागत नाही.

नंतर बाहेरून बसविलेल्या वस्तू. पुढचा लोखंडी गार्ड प्रथम उतरवावा. त्याचे वजन मोठे असते, तो एअरबॅगच्या संवेदकांच्या कामात आड येऊ शकतो, आणि पादचाऱ्याला तर तो घातकच. अशा गार्डांविरुद्ध कारवाई करण्यास केंद्रीय परिवहन खात्याने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळविले आहे. छतावरचा कॅरियर वर्षातून दोनदा लागत असेल, तर दोनदाच चढवावा. तो वजनापेक्षाही हवेच्या विरोधाने अधिक खातो.

चाकांविषयी गैरसमज फार आहेत. फिरणाऱ्या चाकाच्या कडेवरील वजन गाडीला वेग देताना जवळजवळ दुप्पट भासते, म्हणून हलके चाक खरोखरच गुणकारी. पण मिश्रधातूचे प्रत्येक चाक हलके असते असे नाही. मूळच्या लहान पोलादी चाकाऐवजी दिमाखासाठी मोठ्या व्यासाचे चाक आणि रुंद टायर बसविले, तर वजन पुष्कळदा वाढते. दुकानात दोन्ही चाके तराजूवर ठेवून पाहण्यास संकोच कसला?

पेट्रोलची टाकी अर्धी ठेवण्याची युक्ती काहीजण सांगतात. त्याने दहा-पंधरा किलो कमी होतात आणि पंपावरच्या फेऱ्या वाढतात. तिचा लाभ नाममात्र. सीएनजीची पोलादी टाकी पन्नास-साठ किलोंची असते आणि डिकी खाते, परंतु रोज लांब जाणाऱ्याला ती आपले भाडे चुकविते. ते वजन कामाचे आहे.

शर्यतीच्या गाड्या पाहून मागची बैठक, दारांतील अस्तर आणि तळावरील डांबरी पत्रे उपटण्याचा मोह तरुणांना होतो. त्यातून थोडे किलो मिळतात, आणि गाडी पावसाळ्यात पत्र्याच्या छपरासारखी वाजू लागते. शिवाय नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाही. बैठकांची संख्या हा त्या तपशिलाचाच भाग. पट्टे, एअरबॅगा, दारांतील आडवे दांडे यांना तर हात लावूच नये.

राहिले जादा चाक. २०२० च्या दुरुस्तीनुसार ट्यूबविरहित टायर, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारीला जादा चाकाची सक्ती नाही. बारा-पंधरा किलो एकदम वाचतात, म्हणून ही सवलत मोहक आहे. शहराबाहेर क्वचितच जाणाऱ्याने ती खुशाल घ्यावी. पण टायरची बाजू दगडाने फाटली, तर संचातील डिंकासारखे द्रव्य ती शिवू शकत नाही. आणि चोर्ला घाटाच्या रानात, भर आषाढात, रात्री नऊ वाजता पंक्चरवाल्याचे दुकान उघडे मिळत नाही. बेळगाव ते पणजी नित्य जा-ये करणाऱ्याने ते चाक जागेवरच ठेवावे, आणि त्यात हवा भरलेली आहे की नाही, ते महिन्यातून एकदा पाहावे.