फुरसतीचा भाव

(कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महागाई, शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांचे प्रश्न समोर उभे असताना एका निवृत्त प्राध्यापकाने मोबाइलवरील स्वस्त आणि फुकट ॲपांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. फोटो सजवण्याची, गाणी म्हणण्याची, गप्पा मारण्याची, घटकाभर खेळण्याची ही साधने. त्यांत अभ्यास करण्याजोगे काय आहे, असा प्रश्न साहजिक आहे. माझे उत्तर असे की, हा प्रश्न मोबाइलचा नसून फुरसतीचा आहे, आणि फुरसत हा कामगार चळवळीचा अगदी पहिला विषय आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. तिच्या मागण्यांत आठवड्याची सुटी ही प्रमुख मागणी होती. ती पदरात पडण्यास १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. रविवारची सुटी ही कोणी दिलेली देणगी नव्हे. ती झगडून मिळवलेली मालमत्ता आहे. कामाचे तास आठ असावेत, या मागणीमागेही हाच विचार होता की, माणसाचे उरलेले तास त्याचे स्वतःचे असावेत. त्या उरलेल्या तासांचे आज काय होते, हे तपासणे म्हणूनच आपले काम आहे.

आता थोडे अर्थशास्त्र. एखादे ॲप तयार करण्यास मोठा खर्च येतो. परंतु ते एकदा तयार झाले की, आणखी एका माणसाला ते देण्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे ते फुकट वाटणे शक्य होते. तथापि, शक्य आहे म्हणून कोणताही व्यापारी माल फुकट वाटत नाही. मोबद्दला वसूल करण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, रोख किंमत किंवा वर्गणी. दुसरा, जाहिरात. तिसरा, ॲप फुकट देऊन आतल्या लहानसहान वस्तू विकणे. यांपैकी पहिला मार्ग सर्वांत प्रामाणिक आणि नेमका तोच मागे पडला. व्हॉट्सॲपचे उदाहरण घ्या. २००९ साली निघालेले हे ॲप पहिल्या वर्षानंतर वर्षाला एक डॉलर घेत असे. संस्थापकांचा जाहिरातींना उघड विरोध होता. २०१४ साली फेसबुकने ते सुमारे १,९०० कोटी डॉलरना घेतले. २०१६ च्या जानेवारीत वर्गणी बंद झाली, आणि जून २०२५ मध्ये त्याच ॲपच्या एका विभागात जाहिराती येणार असल्याचे जाहीर झाले. एक डॉलर माफ झाला खरा. परंतु हिशेब बंद झाला नव्हता.

याच व्यवहारातील आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १,९०० कोटी डॉलरना विकल्या गेलेल्या त्या कंपनीत तेव्हा अवघी पंचावन्न माणसे काम करीत होती. २०१२ साली इन्स्टाग्राम १०० कोटी डॉलरना विकले गेले, तेव्हा तेथे तेरा माणसे होती. एवढे मूल्य तेरा किंवा पंचावन्न माणसांच्या श्रमांतून निर्माण झाले, असे कोणी म्हणणार नाही. माझा भाऊ, आपली मावशी, गावचा शिक्षक, युनियनचा चिटणीस असे सारे जण तेथे आहेत, म्हणून आपण तेथे जातो. ते मूल्य कोट्यवधी माणसांच्या परस्परसंबंधांचे आहे. संबंध आपले आणि विक्रीखत मात्र दुसऱ्याचे, असा हा प्रकार आहे.

कॅनडाचे अभ्यासक डॅलस स्माइथ यांनी १९७७ साली असा सिद्धांत मांडला की, व्यापारी प्रसारमाध्यमांचा खरा माल म्हणजे कार्यक्रम नव्हे. प्रेक्षक हाच माल असून तो जाहिरातदारांना विकला जातो. दूरचित्रवाणीच्या काळात हे विधान काहीसे अतिशयोक्त वाटले असेल, कारण समोर कोण बसले आहे हे त्या पेटीला कळत नव्हते. हातातल्या फोनला मात्र ते कळते. त्याचे मोल किती, याचा एक पुरावा देतो. एप्रिल २०२१ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या फोनवर एक नियम आणला. इतर ॲपांत व संकेतस्थळांवर तुमचा माग काढू द्यायचा की नाही, हे प्रत्येक ॲपने आधी विचारावे, एवढाच तो नियम. असंख्य लोकांनी ‘नाही’ म्हटले. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले की, या बदलामुळे त्या वर्षी आपले सुमारे १,००० कोटी डॉलरचे उत्पन्न बुडेल. नुसती परवानगी विचारल्याने जर एवढे नुकसान होत असेल, तर न विचारता काय घेतले जात होते, याचा अंदाज प्रत्येकाने करावा.

एवढ्या पार्श्वभूमीवर आता प्रत्यक्ष ॲपांकडे वळू.

प्रथम निर्मितीची साधने. या बाबतीत मी निराशावादी नाही. फोटो सुधारण्याचे स्नॅपसीड हे गूगलच्या मालकीचे ॲप विनामूल्य आहे. काळोखात काढलेले सभेचे छायाचित्र त्यावर पाच मिनिटांत छापण्याजोगे होते. कॅनव्हा या ऑस्ट्रेलियन ॲपच्या फुकट भागात सभेचे भित्तिपत्रक सहज तयार होते. काइनमास्टर या कोरियन ॲपवर पथनाट्याचे चित्रण जोडता येते; फुकट वापरल्यास चित्राच्या कोपऱ्यात कंपनीचे नाव उमटते, आणि ते नको असल्यास पैसे मोजावे लागतात. हा व्यवहार मला रोखठोक वाटतो. ज्या कामासाठी पूर्वी छापखान्याचे किंवा स्टुडिओचे पैसे मोजावे लागत, ते काम आज शेतमजुराची मुलगी स्वतःच्या हाताने करते. उत्पादनाचे साधन तिच्या हाती आले, ही घटना लहान नव्हे.

परंतु साधन हाती आले, तरी बाजारपेठ हाती आलेली नाही. टिकटॉकवर खेड्यापाड्यांतील कोट्यवधी लोकांनी आपले नाच, विनोद, गाणी मांडली. ज्यांना नाट्यगृहाची पायरी चढण्याची संधी कधी मिळाली नव्हती, त्यांना तेथे प्रेक्षक मिळाले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली आणि ही रंगभूमी एका रात्रीत मिटली. बंदीच्या राजकारणात मी आज शिरत नाही. मुद्दा वेगळा आहे. तेथे कला दाखवणाऱ्यांचा प्रेक्षकवर्ग त्यांच्या मालकीचा नव्हता. ज्यांनी आपले काम स्वतःपाशी जपून ठेवले नव्हते, त्यांचे कामही हातचे गेले. बंदीचीच गरज असते असेही नाही. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले, आपल्या देशातले हाइक २०२१ साली आणि कू २०२४ साली. कुळाने जमीन कितीही कसली, तरी सातबारा ज्याच्या नावावर आहे तोच अखेर निर्णय घेतो, हे आपल्याला शिकवण्याची गरज नाही.

दुसरा वर्ग गप्पागोष्टींच्या ॲपांचा. व्हॉट्सॲपविना आज तालुक्याची एक बैठकही ठरत नाही, हे मान्य केले पाहिजे. संदेशांचा मजकूर तेथे कुलूपबंद असतो. परंतु कोण कोणाशी, केव्हा आणि किती वेळा बोलतो, ही माहिती निराळी, आणि संघटनेच्या दृष्टीने तीही नाजूक आहे. सिग्नल हे दुसरे ॲप २०१८ पासून नफ्यासाठी न चालणाऱ्या एका प्रतिष्ठानाच्या हाती आहे. व्हॉट्सॲपच्याच एका संस्थापकाने, ब्रायन ॲक्टन यांनी, त्याला पाच कोटी डॉलरचे आरंभीचे भांडवल दिले. ते जाहिराती घेत नाही आणि माहिती जवळजवळ साठवत नाही. मात्र त्याच संस्थेने २०२३ साली प्रांजळपणे जाहीर केले की, २०२५ पर्यंत आपला वार्षिक खर्च सुमारे पाच कोटी डॉलरवर जाईल, आणि तो देणग्यांतून भागवावा लागेल. नफा वगळला तरी खर्च उरतोच. प्रश्न एवढाच की, तो कोणी आणि कोणत्या अटींवर सोसायचा.

तिसरा वर्ग करमणुकीच्या खेळांचा. दमून आलेल्या माणसाने घटकाभर खेळावे, यात नाक मुरडण्यासारखे काहीही नाही. श्रमिकांनी फावल्या वेळात केवळ उद्बोधक पुस्तके वाचावीत, ही अपेक्षा मध्यमवर्गीय ढोंग आहे. आपल्या पच्चीसीवरून इंग्रजांनी लूडो बनवला. तोच २०१६ साली नवी मुंबईतील एका कंपनीने ‘लूडो किंग’ म्हणून फोनवर आणला, आणि २०२० च्या टाळेबंदीत दूरदूर अडकलेली कुटुंबे त्यावर एकत्र खेळली. जाहिराती सोसाव्या लागतात, पण खेळ संपतो. कोणी तरी जिंकते आणि माणसे उठतात. ‘कँडी क्रश’ची रचना पाहा. तेथे पाच ‘प्राण’ मिळतात; ते संपले की एकेक प्राण परत मिळण्यास अर्धा तास थांबावे लागते, अन्यथा पैसे मोजावेत. येथे विकली जाते ती वस्तू नव्हे, तर मुद्दाम निर्माण केलेल्या अधीरतेवरचा उतारा. आणि या वाटेच्या टोकाला पैसे लावून खेळायचे खेळ होते. त्यांनी अनेक घरांत कर्ज आणले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून अशा खेळांना मनाई केली. कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ हा भेदही त्यात ठेवला नाही.

याच्या उलट ‘लीचेस’ पाहा. एका फ्रेंच प्रोग्रॅमरने २०१० साली सुरू केलेले बुद्धिबळाचे हे व्यासपीठ संपूर्ण विनामूल्य आहे. जाहिरात नाही, आतली विक्री नाही, आणि सारा कोड सर्वांना खुला आहे. खर्च देणग्यांतून चालतो व हिशेब जाहीर केला जातो. सहकाराच्या तत्त्वावर उत्तम दर्जाची वस्तू निर्माण होऊ शकत नाही, असे जे म्हणतात, त्यांनी येथे एक डाव खेळून पाहावा.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो रास्त आहे. “सर, हे सारे खरे; पण ज्याला महिन्याचा रिचार्ज जड जातो, तो फुकट मिळेल तेच घेणार. त्याला तुम्ही दोष देणार का?” मुळीच नाही. ज्याच्यापाशी पैसे आहेत, तो जाहिराती टाळतो. ज्याच्यापाशी नाहीत, तो आपली वेळ आणि माहिती मोजतो. म्हणजे ‘फुकट’ ही गरिबांकडून वस्तुरूपात घेतली जाणारी किंमत आहे. म्हणूनच हा वैयक्तिक संयमाचा प्रश्न राहत नाही. तो कायद्याचा आणि संघटनेचा प्रश्न होतो.

कायद्याची बाजू अशी. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ साली, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे व त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांस त्यात मनाई आहे. नियम निघण्यास नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य बंधने पाळण्यासाठी कंपन्यांना आणखी दीड वर्षाची मुदत देण्यात आली. सरकारी खात्यांना ज्या सवलती या कायद्याने दिल्या आहेत, त्यांवरही आपले लक्ष असले पाहिजे. कंपनीच्या नजरेतून सुटून सरकारच्या नजरेत सापडणे, याला मुक्ती म्हणत नाहीत.

संघटनेची बाजू आपल्या हातात आहे. कोणतेही ॲप घेताना चार प्रश्न विचारण्याची सवय आपण स्वतःला आणि वस्तीतल्या मुलांना लावू या. पहिला : याचा खर्च कोण देतो? दुसरा : हे जी परवानगी मागते, तिचा कामाशी संबंध आहे काय? फोटो सजवणाऱ्या ॲपला आपल्या फोनमधले सगळे नंबर कशाला हवेत? नाही म्हणण्याची सोय फोनमध्येच असते, ती वापरावी. तिसरा : मी येथे केलेले काम मला बाहेर काढून नेता येते काय? चौथा : हे थांबू देते काय, की थांबण्याचाच दंड वसूल करते? या चार कसोट्यांना जे उतरेल, ते खुशाल वापरावे, आणि आनंदाने वापरावे.

याखेरीज दोन कामे शाखांनी करावीत. सभासदांचे नाव, पत्ता, फोन यांची वही कागदावर ठेवावी. एखादा ग्रूप उद्या बंद पडला तर शाखा बंद पडता कामा नये. दुसरे, आपली गाणी, पथनाट्ये, मोर्च्यांची छायाचित्रे यांची एक प्रत स्वतःच्या ताब्यात, दोन ठिकाणी जपावी. आणि ज्या विनामूल्य साधनांचा आपण नित्य उपयोग करतो व जी नफ्यासाठी चालत नाहीत, त्यांना वर्षाकाठी थोडी वर्गणी पाठवावी. साप्ताहिकाची वर्गणी आपण ज्या भावनेने भरतो, तीच भावना येथेही हवी.

लोखंड्यांच्या पिढीने गिरणीमालकाकडून रविवार सोडवून घेतला. त्या रविवारी कामगाराने काय करावे, हे त्यांनी ठरवून दिले नाही, आणि ते आपणही ठरवू नये. त्याने गावे, खेळावे, चित्र काढावे, मित्राशी बोलावे, किंवा स्वस्थ पडून राहावे. फक्त तो रविवार त्याच्याच मालकीचा राहावा, एवढी खबरदारी घेणे हे आपले काम आहे.