सोबतीचा शोध
(वार्षिक स्नेहसंमेलनात कार्यकारी मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक आणि देणगीदारांचे आभार हा या व्यासपीठाचा प्रघात आहे. आजचा आमचा विषय त्या प्रघातात बसणारा नाही. दारू सोडू इच्छिणाऱ्या माणसाला आपल्याच गावात सोबत कोठे मिळेल, याविषयी आम्ही बोलणार आहोत.

प्रारंभी एक कबुली दिली पाहिजे. आपल्या वधूवर सूचक मंडळाच्या नोंदवहीत ‘निर्व्यसनी’ हा शब्द फार सढळ हाताने लिहिला जातो. काही वर्षांपूर्वी एका मुलीच्या वडिलांनी एका स्थळाची आमच्याकडे चौकशी केली. मुलगा रोज पितो, हे आमच्यापैकी काहींस ठाऊक होते. ‘लग्न झाले की सुधारेल’ अशी मनाची समजूत घालून आम्ही मौन पाळले. ती मुलगी आज माहेरी आहे. या विषयावर बोलण्याचा आम्हांस काही अधिकार असेल, तर तो या अपराधाच्या जाणिवेतून आलेला आहे.

देवापुढे शपथ घालणे, चारचौघांत पाणउतारा करणे, पगार काढून घेणे हे आपले नेहमीचे उपाय. परंतु दारूचे व्यसन हा आजार आहे, असे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1956 साली जाहीर केले आणि वैद्यकशास्त्र आज तेच मानते. म्हणून पहिली पायरी डॉक्टरांची. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली, तर हातपाय थरथरतात, कधी फिट येते, भ्रम होतो आणि प्रसंगी जिवावर बेतते. त्याला घरात कोंडून ठेवणे हा उपचार नव्हे.

शरीर सावरल्यावर खरा प्रश्न उभा राहतो तो रोजच्या संध्याकाळचा. येथे एक जुनी हकिगत सांगण्यासारखी आहे. 1935 साली न्यूयॉर्कचे बिल विल्सन हे गृहस्थ व्यवसायानिमित्त अमेरिकेतील अॅक्रन या गावी गेले होते. काही महिन्यांपूर्वीच त्यांनी दारू सोडली होती. काम फसले आणि पुन्हा पिण्याची ओढ लागली. तेव्हा त्यांनी उपदेशक शोधला नाही. आपल्यासारखाच पिणारा दुसरा माणूस शोधला. तो निघाला शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ. या दोघांच्या बोलण्यातून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही चळवळ जन्मली. 1957 साली ती भारतात सुरू झाली. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अॅनॉन’ हे स्वतंत्र गट 1951 पासून चालत आले आहेत. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 साली ‘मुक्तांगण’ उभारले. तेथे व्यसनी माणसांच्या पत्नींसाठीही ‘सहचरी’ हा गट चालतो.

गट शोधावा कसा? शासनाच्या 14446 या निःशुल्क दूरध्वनीवर विचारावे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात अथवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात चौकशी करावी. काही सभा खुल्या असतात, तेथे घरच्यांनाही जाता येते. काही केवळ व्यसनी व्यक्तींसाठी असतात. हा फरक आधी विचारून घ्यावा. प्रवेशाची अट एकच, पिणे थांबवण्याची इच्छा. फी नाही, आडनाव सांगावे लागत नाही. एकेक जण स्वतःचा अनुभव सांगतो, बाकीचे ऐकतात आणि ‘आजचा दिवस प्यायचे नाही’ एवढाच संकल्प करून उठतात. पहिल्या गटात मन रमले नाही, तर दुसरा पाहावा. एखाद्या वेळी पाय घसरला, तरी परत जावे. त्यांना ते नवे नसते.

आता काही बंधू सुचवतात की, आपल्या ज्ञातीचाच असा गट काढावा. हेतू चांगला आहे, पण आमचे मत विरुद्ध आहे. जेथे शेजारी बसलेला मामेसासरा निघण्याची शक्यता आहे, तेथे कोण तोंड उघडील? ज्या सोबतीची आपल्या माणसाला गरज आहे, ती ज्ञातीच्या कुंपणापलीकडची आहे. तेथे गिरणीकामगार, प्राध्यापक आणि रिक्षाचालक एकाच बाकावर बसतात, आणि त्यातच त्या सभेचे बळ आहे.

मग ज्ञातिसंस्थेने करावे काय? गावातील एखाद्या गटाला जागा हवी असेल, तर आपले मागील दालन आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावे. मात्र ते फुकट देऊ नये. हे गट बाहेरची देणगी घेत नाहीत, स्वतःचा खर्च सभासदांच्या स्वेच्छा वर्गणीतून भागवतात. तेव्हा माफक भाडे घेणे हाच त्यांचा मान राखणे होय. त्या वेळी कार्यकारी मंडळाच्या कोणीही दाराशी रेंगाळू नये. लग्नकार्यात ‘थोडीशी घ्या’ असा आग्रह बंद व्हावा. आणि ‘निर्व्यसनी’ हा शब्द खात्री केल्यावाचून नोंदवहीत लिहिला जाऊ नये.

भगिनींनो, ज्यांच्या घरी हे दुःख आहे, त्यांना शेवटी एवढेच सांगतो : तो गेला नाही, तरी तुम्ही जा. कुटुंबीयांच्या गटाचे दार त्याच्या संमतीसाठी अडून राहिलेले नाही. आजवर आपण अब्रूच्या नावाखाली पुष्कळ झाकले. त्या झाकण्याने कोणाचेही घर सावरलेले आम्ही पाहिले नाही.