ग्रंथसंग्रह हीही ऋषिऋणाची फेड

(नेवासा येथील व्याख्यानमालेत ‘आशियाविषयीचे जुने ग्रंथ आणि आपण’ या विषयावर झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



प्रवरेकाठच्या या गावात येऊन ग्रंथाचे महत्त्व सांगणे म्हणजे काशीकराला गंगेची थोरवी सांगण्यासारखे आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी येथे गीतार्थ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. ज्या खांबाला टेकून हे निरूपण झाले अशी आपली श्रद्धा आहे, तो ‘पैस’ आजही येथे उभा आहे. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या लेखसंग्रहाला त्याचेच नाव दिले आणि त्या ग्रंथाला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सांगणाऱ्याचे स्मरण आपण नित्य करतो. आज मात्र लिहून घेणाऱ्याचे, नकलून काढणाऱ्याचे आणि सांभाळून ठेवणाऱ्याचे स्मरण करावे, असे मला वाटते.

ज्ञानेश्वरी सांगितली गेली म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली, हे अर्धेच सत्य आहे. ज्ञानदेवांनंतर सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथ महाराजांनी तिची पाठशुद्धी केली. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडताना एक जुनी पोथी मिळवली आणि १९०९ मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. ती मूळ पोथी पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. उरली ती छापील प्रत! एक माणूस वेळेवर पोहोचला नसता, तर तो पाठ कायमचा गेला असता. ग्रंथसंग्राहकाचे काम ते हेच.

आपला शोध, परक्यांचे ग्रंथ

आशिया खंडाविषयीचे जुने ग्रंथ आपण का जमवावेत, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. आपल्या पूर्वजांच्या कर्तृत्वाचा मोठा पुरावा आपल्या सीमांबाहेर आहे, आणि त्याची नोंद बहुतांशी परदेशी विद्वानांनी केलेली आहे.

सातव्या शतकात ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला. येथील माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमानाचा सूड घेतल्यावाचून राहत नाहीत आणि शत्रूवर चाल करण्यापूर्वी त्याला सूचना देतात, असे त्याने लिहून ठेवले. उत्तरेत दिग्विजय करणाऱ्या हर्षाला पुलकेशीला नमवता आले नाही, हेही त्याने नोंदवले. आपल्याविषयीची ही साक्ष चिनी भाषेत होती. सॅम्युएल बील यांचा इंग्रजी अनुवाद १८८४ मध्ये दोन खंडांत निघाला, थॉमस वॉटर्स यांचे विवेचन १९०४-०५ मध्ये. इत्सिंग हा दुसरा यात्रेकरू भारतात येण्यापूर्वी सुमात्रा बेटावरील श्रीविजय येथे सहा महिने राहिला आणि संस्कृत व्याकरण शिकला. त्याच्या प्रवासवृत्ताचा अनुवाद ताकाकुसू या जपानी पंडिताने १८९६ मध्ये प्रसिद्ध केला. कंबोडियातील संस्कृत शिलालेखांचे पहिले मोठे संकलन १८८५ पासून छापले गेले, तेही फ्रेंचमध्ये.

या परिश्रमी विद्वानांविषयी कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. पण आपल्या घराची वंशावळ शेजाऱ्याच्या कपाटात असावी आणि ती उघडून पाहण्याची इच्छाही आपल्याला होऊ नये, याला काय म्हणावे? अंकोरच्या मंदिरांचा अभिमान व्याख्यानातून सांगणे सोपे आहे. त्याचा पुरावा कोणत्या ग्रंथात आहे, हे सांगता येणारे आपल्यात किती आहेत?

मुखपृष्ठामागील इतिहास

जुन्या प्रती हव्यातच कशाला, नवे पुनर्मुद्रण चालत नाही का, असेही विचारले जाते. वाचनासाठी ते अवश्य चालते. परंतु पुनर्मुद्रणात अनेकदा छायाचित्रे पुसट होतात, घडीचे नकाशे गळतात. संगणकावरील प्रतींत तर नकाशा उलगडण्याचे कष्ट न घेता घडी तशीच टिपलेली कित्येकदा दिसते. शिवाय मूळ प्रत स्वतःच एक दस्तऐवज असते.

डॉ. रमेशचंद्र मजुमदार यांच्या आग्नेय आशियाविषयीच्या ग्रंथमालेचे उदाहरण घ्या. तिचा ‘चंपा’ हा पहिला खंड १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकाशनस्थळ लाहोर. ‘सुवर्णद्वीप’ या दुसऱ्या खंडाचा पहिला भाग १९३७ मध्ये निघाला. प्रकाशनस्थळ ढाका. भारतीय संस्कृतीच्या विस्ताराची कथा ज्या दोन नगरांतून छापली गेली, ती दोन्ही नगरे पुढे वीस वर्षांच्या आत भारताबाहेर गेली. हे कोणत्याही प्रस्तावनेत लिहिलेले नाही. जुन्या प्रतीचे पहिले पान उघडले की ते आपोआप वाचता येते.

याच ग्रंथमालेच्या नावात प्राचीन भारतीय ‘वसाहती’ असा शब्द आहे. तो त्या काळाचा, साम्राज्यांच्या युगाचा शब्द. राजेंद्र चोलाची १०२५ च्या सुमाराची आरमारी स्वारी हा अपवाद सोडला, तर तेथे आपली संस्कृती मुख्यत्वे व्यापारी, पुरोहित आणि भिक्षू यांच्याबरोबर गेली, आणि स्थानिक राजांनी ती आपणहून स्वीकारली. म्हणून जुना ग्रंथ आदराने वाचावा, पण डोळे उघडे ठेवून वाचावा. अभिमानाला अभ्यासाची जोड नसेल, तर तो पहिल्याच प्रतिप्रश्नाला गळून पडतो.

डॉ. रघुवीरांचा वारसा

या क्षेत्रात तपश्चर्या कशी असते, हे पाहायचे असेल तर डॉ. रघुवीर यांचे चरित्र पाहावे. रावळपिंडीत १९०२ मध्ये जन्मलेल्या या विद्वानाने लाहोरमध्ये ‘सरस्वती विहार’ ही संस्था उभारली. फाळणीचे सावट ओळखून १९४६ मध्ये त्यांनी ती नागपूरला हलवली. काही वर्षे हे ज्ञानकेंद्र महाराष्ट्राच्या भूमीत नांदले, नंतर ते दिल्लीला गेले. १९५५ मध्ये ते चीनला गेले आणि परतताना हस्तलिखिते, ग्रंथ व शिलालेखांचे ठसे घेऊन आले. पुढे भारतीय जनसंघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि मे १९६३ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले.

त्यांनी मिळवलेल्या एका ठेव्याची कथा सांगतो. बुद्धवचनांच्या विशाल संग्रहाला तिबेटी-मंगोल परंपरेत ‘कंजूर’ म्हणतात. ज्यांची मूळ संस्कृत संहिता आपल्याकडे नष्ट झाली, असे अनेक ग्रंथ त्यात अनुवादरूपाने जिवंत आहेत. साम्यवादी राजवटीच्या काळात मंगोलियातील मठांचे हे धर्मग्रंथ आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. डॉ. रघुवीरांनी १९५६ ते १९५८ या काळात मंगोल कंजूरची सूक्ष्मचित्रफीत भारतात आणली. त्यांचे सुपुत्र डॉ. लोकेशचंद्र यांनी १९७० च्या दशकात ती १०८ खंडांत प्रसिद्ध केली. पुढे राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने या खंडांचे पुनर्मुद्रण हाती घेतले आणि ४ जुलै २०२० रोजी, गुरुपौर्णिमेच्या दिवशी, पहिले पाच खंड राष्ट्रपतींना सादर झाले. हे खंड मंगोलियातील प्रमुख मठांना देण्याची योजना होती. ज्या देशात ग्रंथ जाळले गेले, त्या देशासाठी ते भारतात पुन्हा छापले गेले! एका माणसाच्या संग्राहक वृत्तीतून केवढे राष्ट्रकार्य उभे राहू शकते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

ही वृत्ती आपल्याकडे नवीन नाही. तंजावरचे सरफोजीराजे भोसले काशीयात्रेहून हस्तलिखिते घेऊन आले. युरोपातून मागवलेल्या छापील ग्रंथांवर ते स्वतः स्वाक्षरी करीत. त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात चीनमधील शिक्षाप्रकारांची चित्रेही आहेत. दक्षिणेतील मराठी राजाची जिज्ञासा पूर्व आशियापर्यंत पोहोचली होती, हे ध्यानात घ्यावे.

केवळ राजवैभवाच्याच नव्हे, दुःखाच्या कथाही या ग्रंथांत आहेत. प्रशांत महासागरातील फिजी बेटांवर १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांहून अधिक भारतीयांना करारबद्ध मजूर म्हणून नेण्यात आले. त्यांपैकी तोताराम सनाढ्य यांनी एकवीस वर्षांचे अनुभव स्वदेशी परतल्यावर सांगितले, बनारसीदास चतुर्वेदी यांनी ते शब्दबद्ध केले आणि हे छोटे हिंदी पुस्तक गिरमिट प्रथेविरुद्धच्या चळवळीचे शस्त्र बनले. असे पुस्तक रद्दीत दिसले, तर त्याचा पातळपणा पाहून बाजूला टाकू नका.

संग्राहकाची पथ्ये

आता थोडे व्यवहाराचे. जुने पुस्तक घेताना प्रकाशनवर्ष व आवृत्ती पाहावी, चित्रांच्या यादीवरून चित्रे आणि नकाशे मोजून घ्यावेत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक कालांतराने कागद पिवळा करतो. ओल, कसर आणि ऊन हे तीन शत्रू. कपाट भिंतीपासून थोडे दूर ठेवावे आणि पावसाळा संपताच ग्रंथांना सावलीत वारा द्यावा. पूर्वीच्या मालकाचे नाव खोडू नये. ग्रंथ कोठून, कधी, किती किमतीला मिळाला, याची नोंदवही ठेवावी. ग्रंथालयाचा शिक्का असलेले पुस्तक रीतसर काढून टाकलेले आहे, याची खात्री झाल्याशिवाय घेऊ नये. सरस्वतीची उपासना चोरीच्या फुलांनी होत नाही.

हस्तलिखितांच्या बाबतीत कायदाही लक्षात ठेवावा. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन वा सौंदर्यदृष्ट्या मोलाचे, किमान पंचाहत्तर वर्षे जुने हस्तलिखित हे पुरावशेष ठरते. खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही.

नेवाशाकडून अपेक्षा

नेवासा हे आशियाच्या नकाशावरचे जुने ठिकाण आहे. डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात येथे उत्खनन केले. अश्मयुगापासूनचे मानवी वस्तीचे थर त्यातून उलगडले. रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली, म्हणजे प्रवरेकाठचा व्यापार समुद्रापारच्या जगाशी जोडलेला होता. या उत्खननाचा बृहद् अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची मूळ प्रत या गावातील किती घरांत आहे? निदान गावच्या वाचनालयात ती असावी, अशी इच्छा आपण धरू या.

आजोबांच्या पश्चात त्यांची पुस्तके रद्दीच्या काट्यावर जातात, हे दृश्य आज घरोघरी दिसते. फ्लॅट लहान झाले, हे मान्य. परंतु काटा केवळ वजन सांगतो, मोल सांगत नाही. पुस्तके देण्यापूर्वी एखाद्या जाणकाराला दाखवा. नगरचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ या संस्थांशी संपर्क साधा. तरुण कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील जुन्या ग्रंथांची सूची करण्याचे काम अंगावर घ्यावे. सुट्टीच्या दिवशी दोन घरे केली, तरी वर्षभरात मोठे काम उभे राहील.

आपल्या परंपरेने देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. ऋषिऋण फिटते ते स्वाध्यायाने. आणि स्वाध्यायासाठी ग्रंथ शिल्लक असावा लागतो. सच्चिदानंदबाबांनी लेखणी हाती घेतली, म्हणून आपल्याला ज्ञानेश्वरी लाभली. आपल्या वाट्याला निदान जतन करण्याचे काम आले आहे. ते आपण निष्ठेने करू, एवढीच प्रार्थना करतो आणि थांबतो.