न बोलावलेली माणसं

लेखकाला लोक एक प्रश्न हमखास विचारतात. तुम्हाला पात्रं सुचतात कशी? मी इतकी वर्षं त्याचं ठरलेलं उत्तर देत आलो : निरीक्षण, वाचन, अनुभव. उत्तर खोटं नाही. पण श्रोतेहो, काही पात्रं सुचत नाहीत. पंगतीत आगंतुक पाहुणा येऊन बसावा, तशी ती येऊन बसतात. अशाच एका पात्राविषयी आज बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी कथा लिहीत होतो. आपल्याच शहरातली, तेव्हाच्या औरंगाबादेतली. औरंगपुऱ्यातला जुना वाडा, वडील गेलेले, दोन भाऊ आणि दारात बिल्डर. मोठ्याला वाडा विकायचाय, धाकट्याला नाही. सगळा आराखडा वहीत तयार होता. शेवटचं वाक्यसुद्धा ठरलं होतं. या भावांना एक बहीण होती. ती असणं भागच होतं, कारण हक्कसोडपत्रावर तिची सही लागते. तिच्यासाठी मी एकच वाक्य राखून ठेवलं होतं : बहीण जालन्याहून आली, सही केली आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत गेली.

लिहिता लिहिता त्या वाक्यापाशी पोचलो. बहीण आली. मोठ्या भावानं कागद पुढं केला, बोट ठेवून 'इथं' म्हणाला. आणि ती म्हणाली, "अरे, चष्मा घरीच राहिला बघ. जरा वाचून दाखव."

मी थबकलो. हे काही माझ्या वहीत नव्हतं. मी ते वाक्य खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी म्हटलं, बघू तरी काय होतं. भाऊ वाचू लागला. गट नंबर, चतुःसीमा घडाघडा वाचल्या. 'कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीनं' या शब्दांपाशी मात्र त्याचा आवाज अडकला. आणि माझी दोन भावांची कथा तिथंच संपली. आता ती बहिणीची झाली होती.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. १८३६ साली डिकन्सला काम मिळालं होतं ते एका क्लबातल्या मंडळींच्या फजितीच्या चित्रांना मजकूर पुरवण्याचं. महिन्याला एक भाग. चौथ्या भागात सराईत बूट पुसणारा सॅम वेलर अवतरला, आणि काहीशे प्रतींवर रखडलेला खप पुढं ४० हजारांवर गेला. टॉल्किननं १९४४ साली मुलाला पत्रानं कळवलं होतं की फॅरामिर नावाचं पात्र आपण योजलं नव्हतं, ते आपणहून रानातून चालत आलं.

आपल्याकडचं उदाहरण थोडं वेगळं, पण मला अधिक जवळचं. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगमंचावर आलं १९६७ साली. पार्ल्यात नाटकाच्या जागी निघालेली एक हौशी मंडळी त्यांना भेटली. त्यांना वाट दाखवताना कानावर पडलेल्या गप्पांतून ते नाटक सुरू झालं. त्यातलं बेणारेबाईंचं शेवटचं दीर्घ स्वगत आज सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते पहिल्या संहितेत नव्हतंच. दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहाखातर तेंडुलकरांनी ते नाखुशीनं लिहिलं. पिंजऱ्यात उभ्या केलेल्या बाईला बोलायला लावायचं लेखकाच्या मनात नव्हतं. पण ती बोलली, आणि नाटक तिचं झालं.

यात दैवी वगैरे काही आहे असं मी मानत नाही. पात्र आकाशातून पडत नाही. आपण आराखडा करतो तो डोक्यानं, आणि नको ते बाजूला सारून. लिहिताना मात्र पात्राच्या तोंडी शब्द घालावे लागतात, आणि शब्द येतात ते ऐकलेल्या, साठलेल्या आवाजांतून. बाजूला सारलेलं नेमकं तिथून आत येतं.

म्हणून येईल त्या आगंतुकाला पाट मांडावा असंही नाही. माझ्या वह्यांत असे कितीतरी बोलघेवडे आले आणि गेले. माझी कसोटी साधी आहे. त्याला काढून पाहायचं. कथा सुटसुटीत झाली तर तो पाहुणा. कथा लंगडी झाली तर तो घरचा. घरचा असेल तर मग पहिल्या पानापासून त्याच्यासाठी जागा करावी लागते. मला ती कथा तीनदा लिहावी लागली.

आता कबुली देतो. चष्म्याचं ते वाक्य मला कुठून आलं, हे कथा छापून आल्यावर कळलं. आमचाही वाडा विकला गेला होता, १९९६ साली. वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा वाटा १९५६ च्या कायद्यानंच आलेला. तरी माझी थोरली बहीण आली, आम्ही दाखवलं तिथं सही केली, आणि दुपारचं जेवण उरकून परत गेली. तिच्याविषयी माझ्याही मनात तेवढं एकच वाक्य होतं.

अंक घेऊन मी तिच्याकडं गेलो. तिनं कथा वाचली. मी विचारलं, "अक्का, तो कागद तू तेव्हा वाचला होतास का?"

ती म्हणाली, "तू वाचला होतास का रे?"

मीही वाचला नव्हता.

तिच्या वाट्याचे पैसे मी आता थोडे थोडे करून देतो आहे. आधी ती घेईना. "कथेचं मानधन समज," म्हटल्यावर हसली आणि घेऊ लागली. हिशेब अजून पुरा झालेला नाही.

तुमच्यापैकी कुणी कथा लिहीत असाल तर एवढंच सांगेन. एका वाक्यात उरकायचं ठरवलेलं माणूस जर उठून जायला तयार नसेल, तर त्याला लगेच दार दाखवू नका. त्याला काय म्हणायचंय, ते आधी ऐकून घ्या.