चक्रीवादळ आणि घरोघरची काळजी



३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर येऊन थडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर व पलीकडे मंडणगड, दापोली या भागांत घरांची कौले आणि पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि दूरध्वनी मुके झाले. मुंबई, ठाणे, पुणे येथे नोकरीधंद्यानिमित्त राहणारे सहस्रावधी कोकणवासी त्या दिवसांत गावाकडील आईवडिलांचा क्षेमसमाचार मिळविण्यासाठी तळमळत होते. करोनामुळे प्रवासावर निर्बंध होते. वादळ काही तासांत पुढे निघून गेले. परंतु अनेक घरांना आपली माणसे सुखरूप असल्याचे कळावयास कित्येक दिवस लागले.

हवामान खाते वाऱ्याचा वेग मोजते, महसूल खाते पडझडीचे पंचनामे करते. आप्तस्वकीयांविषयीच्या काळजीचे मोजमाप मात्र कोणत्याही खात्याकडे नाही. वस्तुतः धोक्याची सूचना मिळाल्यावर मनुष्य सुरक्षित स्थळी जातो की घरातच राहतो, हे पुष्कळदा ही काळजीच ठरविते. म्हणून वादळाच्या पूर्वतयारीत अन्न, पाणी आणि निवारा यांच्याइतकाच या काळजीचाही विचार झाला पाहिजे.

सूचनेचे चार टप्पे

समुद्रावरील वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेला की त्या प्रणालीस चक्रीवादळ म्हणतात. ८९ पासून ते तीव्र व ११८ पासून अतितीव्र गणले जाते. हवामान खाते चार टप्प्यांत सूचना देते. पहिली सुमारे ७२ तास अगोदर वरिष्ठ प्रशासनास मिळते. दुसरी किमान ४८ तास, तिसरी किमान २४ तास आणि चौथी किमान १२ तास अगोदर दिली जाते. चौथ्या सूचनेत वादळ जमिनीवर आल्यानंतर आत कोठवर जाईल, याचाही अंदाज असतो.

हा अवधी थोडा नाही. मात्र तो कशात खर्च होतो, यावर सारे अवलंबून असते. कोणाला कोठे न्यावयाचे, आजारी माणसास कोण उचलणार, गुरांचे काय करावयाचे, ही चर्चा सूचना आल्यानंतर सुरू झाली, तर २४ तास हा हा म्हणता निघून जातात. तीच चर्चा मे महिन्यातील ग्रामसभेत झालेली असली, तर सूचना येताच केवळ अंमलबजावणी उरते.

घर सोडवत का नाही?

स्थलांतराच्या वेळी कर्मचाऱ्यांना नेहमी येणारा अनुभव असा की, घरातील वृद्ध मनुष्य उंबरठा ओलांडावयास तयार होत नाही. त्यास हट्टी म्हणून सोडून देणे सोपे आहे; पण त्याच्या नकारामागील कारणे पाहिली पाहिजेत. गोठ्यात गाय असते, देवघरात दिवा असतो, मुलगा होडीवर गेलेला असतो. “तो आला आणि घरात कोणी नसले तर?” हा प्रश्न त्याला वाऱ्यापेक्षा मोठा वाटतो. अशा वेळी नियम ऐकविण्यापेक्षा प्रश्नाचे उत्तर देणे अधिक उपयोगी पडते. घरातील माणसे अमुक शाळेत आहेत अशी नोंद ग्रामपंचायतीत झाली आहे आणि मुलगा परतताच त्यास तेथे पाठविले जाईल, एवढे खात्रीने सांगितले, तर पाऊल उचलते. गुरांची दावी सोडून त्यांना उंच व मोकळ्या जागी नेले, तर मागे राहण्याचे आणखी एक कारण नाहीसे होते.

या बाबतीत ओडिशाचे उदाहरण मार्गदर्शक आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात त्या राज्यात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे निवारागृहे उभी राहिली, गावोगावी स्वयंसेवकांना शिक्षण मिळाले, सूचना शेवटच्या घरापर्यंत नेण्याची व्यवस्था बसली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ हे अतिशय प्रबळ वादळ आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलविण्यात आले आणि प्राणहानी शंभराच्याही आत राहिली. वाऱ्याचा जोर ओसरला नव्हता. माणसांची तयारी वाढली होती.

समुद्रावर गेलेली माणसे

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. ‘निसर्ग’ आले तेव्हा हा बंदीकाळ सुरू झालेला होता. याउलट ११ नोव्हेंबर २००९ रोजी आलेले ‘फयान’ ऐन हंगामात आले. नौका खोल समुद्रात होत्या आणि काही खलाशी परत आलेच नाहीत. त्यांच्या घरच्यांनी बंदरावर कशा रात्री काढल्या असतील, याची कल्पना किनाऱ्यावरील कोणासही करता येईल.

म्हणून कोळीवाड्यात नौका निघण्यापूर्वी तिचे नाव व क्रमांक, तांडेलाचे नाव, खलाशांची संख्या, जाण्याची दिशा व परतण्याचा दिवस यांची नोंद मच्छीमार सहकारी संस्थेत झालीच पाहिजे. नौकेवर बिनतारी संदेशयंत्र व प्रत्येकास जीवरक्षक जाकीट असावे. परतण्याची सूचना आल्यावर “आणखी एक जाळे टाकून येऊ” असे म्हणणाऱ्या नाखव्यास घरच्या चिंतेची आठवण करून देणे, हेही संस्थेचे कर्तव्य होय. नौका ठरल्या वेळी न परतल्यास तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

बातमी येत नाही तेव्हा

बंदरांवर वादळाची सूचना देण्यासाठी दिवसा आकृत्या व रात्री दिवे लावतात. या संकेतांचे क्रमांक १ ते ११ आहेत. दहावा संकेत महाधोक्याचा असतो. अकराव्याचा अर्थ मात्र वेगळाच आहे : सूचना देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे. बातमी नसणे ही देखील धोक्याचीच अवस्था होय, हे बंदराच्या शास्त्राने फार पूर्वी ओळखले. घराघरानेही ते ओळखावयास हवे.

संपर्क तुटणारच, हे गृहीत धरून कुटुंबाने तीन गोष्टी आधी ठरवाव्यात. पहिली, किनाऱ्यापासून दूर राहणारा एक नातेवाईक निवडावा आणि सर्वांनी आपली खुशाली त्याच्याकडे कळवावी. त्यामुळे दहा जणांनी दहा ठिकाणी दूरध्वनी करण्याची धडपड वाचते. दुसरी, संभाषण होत नसेल तर लघुसंदेश पाठवावा. तो पुष्कळदा पोहोचतो. तिसरी, ताटातूट झाल्यास कोठे भेटावयाचे ते स्थळ लहान मुलांसही ठाऊक असावे. शहरात राहणाऱ्या मुलाने काळजीपोटी वादळात गावाकडे निघू नये. वाटेत झाड किंवा दरड कोसळली, तर चिंतेत भरच पडते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक अशा चौकशीसाठीही उपयोगी आहे.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. वादळाचा केंद्रभाग माथ्यावर आला म्हणजे वारा एकाएकी पडतो, आभाळ थोडे उघडते. सारे संपले असे समजून माणसे शेजाऱ्यांची विचारपूस करण्यास बाहेर पडतात. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने, तितक्याच जोराने सुटतो. अधिकृत सूचना मिळेपर्यंत निवारा सोडू नये. नंतरही तुटलेल्या तारांना हात लावू नये.

गावाची यादी

ग्रामपंचायतीने दरवर्षी मे महिन्यात व पुन्हा सप्टेंबरअखेर एक यादी तयार करावी. एकटे राहणारे वृद्ध, अपंग, अंथरुणाला खिळलेले रुग्ण, गर्भवती स्त्रिया आणि समुद्रावर जाणारे पुरुष यांची नावे तीत असावीत. प्रत्येक नावापुढे त्यास नेणाऱ्या स्वयंसेवकाचे व बाहेरगावच्या नातेवाइकाचे नाव लिहावे. यादीची एक प्रत कागदावर असावी. वीज गेल्यावर यंत्रातील यादी दिसत नाही. शाळा हेच बहुधा गावाचे निवारागृह असल्यामुळे शिक्षकांनी तेथे येणाऱ्यांची नोंदवही ठेवावी. संपर्क सुरू होताच पहिला संदेश या नोंदवहीवरून बाहेर जावा. त्यातील एकेक नाव कोठे तरी एका घराचा जीव भांड्यात पाडणारे असते.

काळजी ही दुर्बलता नव्हे. ती वेळेवर कामाला लावली, तर तिच्यातूनच यादी होते, नोंद होते, शेजाऱ्याचा हात पुढे येतो. येत्या ग्रामसभेत या विषयासाठी अर्धा तास राखून ठेवावा. वादळ अडविणे मनुष्याच्या हाती नाही. पण कोणाचा मनुष्य कोठे आहे हे गावास ठाऊक असणे, हे मात्र सर्वस्वी गावाच्या हाती आहे.