धावत्या पत्र्याचे निवणे

श्रोत्यांपैकी ज्यांनी लोहाराची भट्टी पाहिली असेल, त्यांना कोयत्याला ‘पाणी देणे’ ठाऊक असेलच. तापलेले पाते पाण्यात बुडविले जाते. त्याची धार टिकणार की ते तडकणार, हे निवण्याच्या वेगावर ठरते. कारखान्यात साच्याच्या फटीतून बाहेर येणारा प्लॅस्टिकचा तप्त पत्रा ओढून पातळ केला जातो, तेव्हाही प्रश्न तोच असतो. भेद इतकाच, की हा पत्रा स्वस्थ पडून राहत नाही; तो धावतो, आणि धावताना लांबतही जातो.

असा पत्रा लगतच्या द्रवाचा एक पातळ थर आपल्याबरोबर ओढून नेतो. या ‘सीमास्तरा’ची कल्पना लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ साली मांडली. पत्र्यातील उष्णतेला बाहेर पडावयाचे तर याच थरातून. १९७० साली लॉरेन्स क्रेन यांनी असे पृष्ठ घेतले, की ज्याचा वेग फटीपासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. द्रवगतीची समीकरणे अचूक सुटणे हा विरळा योग. पण येथे उत्तर एका ओळीत आले. थराची जाडी सर्वत्र सारखीच राहते, आणि ताणण्याचा दर चौपट केला की उष्णता वाहून नेण्याची क्षमता दुप्पट होते.

मग द्रवच अधिक उष्णतावाहक का करू नये? तांबे पाण्याच्या सुमारे साडेसहाशे पट उष्णतावाहक आहे. वाहक कण मिसळलेल्या माध्यमाचे सूत्र मॅक्सवेल यांनी १८७३ मध्येच दिले होते. अडचण व्यवहाराची होती: जाडे कण तळाशी बसतात, नळ्या तुंबवितात. अमेरिकेतील अर्गॉन प्रयोगशाळेत स्टीफन चोई यांनी १९९५ साली केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक कण सुचविले आणि अशा मिश्रणास ‘नॅनोफ्लुइड’ हे नाव दिले. २००१ साली तेथील प्रयोगात एथिलीन ग्लायकॉलमध्ये आकारमानाने अवघे ०.३ टक्के तांबे घालताच वाहकता ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचे जाहीर झाले. मॅक्सवेलच्या सूत्राने ही वाढ जेमतेम एक टक्का यावयास हवी होती!

अपेक्षा उंचावल्या, हे स्वाभाविकच. २००६ साली बोंजोर्नो यांनी कणांची यदृच्छ हालचाल आणि उष्ण भागाकडून थंड भागाकडे होणारे त्यांचे सरकणे समीकरणांत आणले. २०१० मध्ये खान व पॉप यांनी तीच समीकरणे ताणल्या जाणाऱ्या पृष्ठास लावली. त्यांचे उत्तर मोठे चमत्कारिक होते: या दोन्ही क्रिया जसजशा प्रबळ कराव्यात, तसतसे पृष्ठापाशी मोजलेले उष्णतावहन घटते. त्यानंतर अशा गणितांना पूर आला. त्यांतील कित्येकांत कणांचे गुणधर्म मोजलेले नसून गृहीत धरलेले असतात. समीकरण निर्दोष सुटते, पण त्यात घातलेला आकडा कोणत्या तापमापकाने दिला हे कोणी विचारीत नाही.

तापमापकाचा कौल मात्र मध्यंतरी, २००९ सालीच, आला होता. तिसाहून अधिक संस्थांनी एकसारखेच नमुने वाटून घेऊन वाहकता मोजली. मोठी नवलाची वाढ कोठेच आढळली नाही. कणांचा आकार विचारात घेणाऱ्या मॅक्सवेलच्या सुधारित सूत्राशी आकडे जुळले. शिवाय कणांनी द्रव दाट होतो, तो खेळविण्यास पंपाला अधिक शक्ती लागते. तीन दशांश टक्के तांब्याने फार तर एक टक्का पदरात पडावयाचा. ओढण्याचा वेग वाढविणारा खटका कामगाराच्या हाताशी असतोच. त्यालाही मर्यादा आहे, कारण फार वेगाने ओढलेला पत्रा फाटतो.