पुष्पचक्रांचे निर्माल्य
(मुरगूड येथे सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणेशविसर्जनाच्या दिवशी नदीघाटावर निर्माल्य गोळा करणारी तरुण मुले कोल्हापूर जिल्ह्यात कोणालाच नवी नाहीत. अर्पण करणाऱ्यांची रीघ लागलेली असते. अर्पिलेले उचलणारे हात मात्र मोजकेच. आजचा विषय त्या मोजक्या हातांचा आहे. घाट तेवढा निराळा: सैनिकांची दफनभूमी.

पुण्याजवळ खडकी येथे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या देखरेखीखालील युद्धस्मशानभूमी आहे. तेथे दुसऱ्या महायुद्धातील 1,668 समाध्या आहेत. पश्चिम व मध्य भारतात विखुरलेल्या ज्या कबरींची कायम निगा राखणे शक्य नव्हते, त्यांतील अवशेष येथे आणले गेले. त्याच आवारातील स्मारकावर पहिल्या महायुद्धाच्या काळात या देशात मरण पावलेल्या 1,800 हून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांपैकी 629 जणांचे अवशेष 1962 साली मुंबईच्या शिवडी येथून आणलेले. त्यांची आप्तमंडळी सातासमुद्रापार. 11 नोव्हेंबर 1918 रोजी पहिले महायुद्ध थांबले. त्या स्मृतिदिनी जगभर अशा ठिकाणी पुष्पचक्रे वाहिली जातात. मानवंदना होते, मौन पाळले जाते, छायाचित्रे निघतात. नंतर फुले कोमेजतात आणि ती उचलण्याचा प्रश्न उरतो.

अमेरिकेतील आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत या प्रश्नाला उत्तर सापडले आहे. मेन राज्यातील एका व्यापाऱ्याने 1992 साली आपल्याकडील शिल्लक पुष्पचक्रे तेथील समाध्यांवर ठेवली. पुढे त्या प्रथेची देशव्यापी चळवळ झाली. डिसेंबरात स्वयंसेवक चक्रे ठेवतात आणि जानेवारीत स्वयंसेवकच पुन्हा येऊन ती उचलतात. थंडीत वाकून उचलण्याच्या त्या दिवशी भाषणांना वाव नसतो, हेही बरेच म्हणायचे!

आता मुख्य आक्षेप. अहिंसेचे व्रत मानणाऱ्या समाजाने लष्करी दफनभूमीत जावेच कशाला? आक्षेप टाळण्याजोगा नाही. शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार प्रकार मानले. गृहस्थाने संकल्पी हिंसा सोडावी असे सांगितले. संरक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा त्याला सर्वस्वी टाळता येत नाही, हे ओळखले. पण तिला त्यांनी पुण्य म्हटले नाही. शिवाय खडकीला विसावलेले कित्येक जण स्वतःच्या घरादाराच्या रक्षणासाठी नव्हे, तर साम्राज्याच्या चाकरीत मेले. तेव्हा विरोधी हिंसेची सबब तेथे पुरी पडत नाही, हे मान्य केले पाहिजे. उत्तर दुसरीकडे आहे. क्षमावाणीच्या दिवशी सर्व जीवांची क्षमा मागणाऱ्या माणसाला मृतापुढे मान लवविताना त्याच्या लढाईला होकार द्यावा लागत नाही. श्रवणबेळगोळची मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस उभारली ती गंग राजांचा सेनापती चामुंडराय याने, आणि मूर्ती कोणाची? विजय हाती आला असता राज्यच सोडून देणाऱ्या बाहुबलीची. तलवार बाळगणाऱ्याने कोणापुढे हात जोडले, हे त्या डोंगरावर दिसते. पुष्पचक्र वाहताना निदान जयजयकाराचा मोह होऊ शकतो; कोमेजलेले चक्र उचलताना तोही उरत नाही.

यात देवाणघेवाणही आहे. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. फ्रान्समधील न्यव्ह शापेल येथे 4,700 हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. तेथील फुले तिकडचेच लोक उचलतात. सर्वांनाच एवढे भाग्य लाभले नाही. मृत्यूनंतर सर्वांना समान मान देण्याचे तत्त्व मिरवणाऱ्या त्याच आयोगाने 2021 साली जाहीर कबुली दिली की, पहिल्या महायुद्धातील किमान 1,16,000 मृतांची, मुख्यतः आफ्रिका व मध्यपूर्वेतील लोकांची, नावानिशी किंवा मुळीच नोंद ठेवली गेली नाही. ज्यांच्या नावाचा दगडही नाही, त्यांच्यासाठी उचलायला फूल तरी कोठून असणार?

आता कामाविषयी. मुनींना सांगितलेल्या पाच समितींपैकी तीन येथे श्रावकालाही यथाशक्ती उपयोगी पडतात. ईर्यासमितीने पाऊल पाहून टाकावे. समाध्यांच्या रांगांतील हिरवळीतही जीव आहेत. आदाननिक्षेपण समितीने वस्तू सांभाळून उचलावी आणि सांभाळून ठेवावी. चक्र दगडावरून ओढू नये. उत्सर्ग समितीने टाकायची वस्तू निर्जंतुक जागी टाकावी. फुले कुजली की त्यांत जीवोत्पत्ती होते, म्हणून ती वेळीच उचलणे हीच जीवदया. मात्र किती दिवसांनी उचलायची, हे दफनभूमीच्या व्यवस्थापकांना विचारूनच ठरवावे. फुले-पाने खतासाठी वेगळी करावीत. तारेची चौकट, प्लॅस्टिक आणि फिती निराळ्या पिशवीत जाव्यात.

खडकी मुरगूडपासून दूर आहे. पण हुतात्म्यांची स्मारके जवळपासच्या गावांतूनही आहेत, आणि तेथेही 26 जानेवारी, 26 जुलै व 15 ऑगस्ट यांचा दुसरा दिवस उजाडतोच. त्या सकाळी चार जणांनी झाडू, पाण्याची बादली व दोन पोती घेऊन जावे. चक्रांना बांधलेल्या चिठ्ठ्या मात्र कचऱ्यात जाऊ देऊ नयेत. त्या सोडवून, वाळवून, त्या जवानाच्या घरी नेऊन द्याव्यात.